भावाचा अमेरिकेतला एक कोर्स सोडायची तारीख निघून गेली, आता काय करता येईल?

इंदिरानगरची_ताई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ऑगस्टमध्ये एमएस करायला अमेरिकेत गेला, शिकागोच्या बाजूला आहे, युनिव्हर्सिटीचं नाव इथे देत नाही. पहिलंच सेमिस्टर. नाशिकलाच मेकॅनिकल केलं आणि तिकडे डेटा-बिटावाल्या प्रोग्रॅमला अ‍ॅडमिशन मिळाली. तीन कोर्स घेतलेत, प्रत्येकी 3 क्रेडिट, म्हणजे एकूण 9. त्यातले दोन बरे चाललेत, तिसरा स्टॅटिस्टिक्सचा आहे आणि तो त्याच्या डोक्यावरून जातोय, कारण बाकी सगळी पोरं मॅथ्स नाहीतर कॉम्प्युटरची आहेत.

त्यात ऑक्टोबरमध्ये आमच्या पप्पांना अटॅक आला. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी ऐन भरात, मजूर लावलेले, आणि हे बागेतच बसले छातीला हात लावून. नाशिकला आणलं, आधी अँजिओग्राफी, मग बायपास. आता घरी आहेत, ठीक आहेत. पण त्या सगळ्या दिवसांत भाऊ तिकडे रात्र रात्र व्हिडिओ कॉलवर होता. यायचं म्हणत होता, मम्मीनेच नको म्हणून सांगितलं. स्टॅट्सची मिडटर्म याच काळात होती, ती त्याने दिलीच नाही, असाइनमेंटही राहिल्या. हे आम्हाला परवा कळलं, तोपर्यंत सांगितलंच नव्हतं.

आता झालंय असं की तिकडे कोर्स "विथड्रॉ" करायची एक शेवटची तारीख असते म्हणे, ती मागच्या आठवड्यात गेली. प्रोफेसर म्हणाले माझ्या हातात नाही, ग्रॅज्युएट ऑफिसला विचार. आणि हा बाबा ऑफिसला विचारायचं सोडून त्या क्लासला जायचाच बंद झालाय, म्हणतो नाहीतरी एफ, म्हणजे नापासाची ग्रेड, लागणारे. मी स्वतः युनिव्हर्सिटीला फोन लावला तर बाईंनी गोड आवाजात सांगितलं की विद्यार्थ्याबद्दल आम्ही काहीच बोलू शकत नाही.

लोन आहे, जमीन तारण आहे, व्हिसाचं काय होईल ते कळत नाही. तारीख गेल्यावर कोर्स सोडता येतो का? सोडला तर चांगलं की एफ घेतलेला चांगला? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

सातपूर_बॉय

ताई टेन्शन नका घेऊ, एक बॅकलॉग राहिला तर राहिला. आमच्या बॅचला एम-3 (मॅथ्सचा तिसरा पेपर) अर्ध्या वर्गाचा राहिलेला, पुढच्या वेळेस फॉर्म भरला, निघाला. सगळे आज नोकरीला आहेत.

नाशिकरोड_एक्सप्रेस

माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, मेडिकल सर्टिफिकेट देतात मागच्या तारखेचं. भावाला टायफॉइड झाला होता असं दाखवा, विषय संपला. डीएम करा.

परत_आलेला

वरच्या दोन्ही उत्तरांकडे लक्ष देऊ नका, खास करून दुसऱ्या. भाऊ शिकागोत आणि टायफॉइडचं सर्टिफिकेट नाशिकचं? तो त्या काळात भारतात नव्हता हे त्यांना एका मिनिटात दिसेल, आणि खोटा कागद दिला की मामला स्टुडंट कंडक्टकडे, म्हणजे शिस्तीचं बघणाऱ्या ऑफिसकडे, जातो, मग एक कोर्स राहिला बाजूला, सगळी डिग्रीच धोक्यात. शिवाय गरज काय? तुमच्याकडे खरं कारण आहे आणि खरे कागद आहेत.

मी तिकडे एमएस केलं, काही वर्षं नोकरी केली, आता अंबडला घरचा कारखाना बघतो. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तिकडे कोर्स सोडायचे दोन टप्पे असतात. सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिला आठवडा दोन आठवडे अ‍ॅड-ड्रॉप चालतं, त्यात सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे तिकडच्या मार्कशीटवर, नावसुद्धा येत नाही. त्यानंतर साधारण सेमिस्टरच्या मध्यापर्यंत किंवा थोडं पुढे विथड्रॉ करता येतो, मग ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू लागतो, तो जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. ही दुसरी तारीखही गेली की मग राहतं ते लेट विथड्रॉअल पिटिशन. म्हणजे अर्ज करायचा, कारण द्यायचं, पुरावे जोडायचे, आणि एक कमिटी किंवा डीन ठरवणार. बहुतेक युनिव्हर्सिटीत हे असतं, नाव वेगवेगळं असतं इतकंच. घरातल्या माणसाचं गंभीर आजारपण हे कारण साधारणपणे ऐकून घेतात. "कोर्स अवघड गेला" हे कारण कुठेच ऐकून घेत नाहीत. भावाने पत्रात स्टॅट्स डोक्यावरून गेलं, मी मेकॅनिकलचा आहे वगैरे रडगाणं लावलं तर कमिटी म्हणेल हा मार्क कमी पडले म्हणून पळतोय, आणि वडिलांचं आजारपण तोंडी लावायला घेतलंय.

पण आता खरी मेख ऐका. युनिव्हर्सिटीने कोर्स सोडायची परवानगी देणं ही एक गोष्ट, आणि व्हिसाच्या नियमात ते बसणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, असलेल्याला दर सेमिस्टरला फुल टाइम असावंच लागतं. बॅचलर्सला ते 12 क्रेडिट आहे, मास्टर्सला युनिव्हर्सिटी ठरवते, बऱ्याच ठिकाणी 9. तुमच्या भावाचे बरोब्बर 9 आहेत. एक सोडला की 6. म्हणजे ग्रॅज्युएट ऑफिसने उद्या उदार होऊन पिटिशन मंजूर केलं, कोर्स निघाला, आणि इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारलंच नव्हतं, तर पोरगा त्या क्षणी फुल टाइम राहिला नाही. मग सेव्हिसमधलं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीतलं, त्याचं रेकॉर्ड टर्मिनेट होऊ शकतं. एका एफपेक्षा हे कितीतरी वाईट. एफ आला तरी कोर्स परत घेऊन सावरता येतं.

म्हणून कुठलाही फॉर्म भरण्याआधी त्याला डीएसओकडे पाठवा. डीएसओ म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला तो माणूस ज्याच्या सहीने आय-20, म्हणजे व्हिसासाठी लागणारा युनिव्हर्सिटीचा कागद, निघालेला असतो. फुल टाइमपेक्षा कमी क्रेडिट घ्यायची परवानगी, तिला आरसीएल म्हणतात, रिड्यूस्ड कोर्स लोड, ती कोर्स सोडायच्या आधी सेव्हिसमध्ये लागावी लागते. मागाहून "अहो असं झालं होतं" चालत नाही.

आणि तुमच्या केसमधली गंमत म्हणजे (गंमत कसली) वडिलांचं आजारपण हे आरसीएलच्या कारणांत बसतच नाही! कारणं मोजकी आहेत. एक, विद्यार्थ्याचा स्वतःचा आजार. दोन, अभ्यासातली अडचण, म्हणजे इंग्रजी किंवा वाचनाचा सुरुवातीचा त्रास, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, किंवा चुकीच्या लेव्हलच्या कोर्सला बसवलं जाणं. तीन, शेवटचं सेमिस्टर असून तेवढे क्रेडिटच उरलेले नसणं. आता बघा, जे कारण युनिव्हर्सिटीच्या कमिटीला चालतं ते व्हिसाला चालत नाही, आणि स्टॅट्सचा पाया नसताना वरच्या लेव्हलच्या कोर्सला बसणं, जे कमिटीसमोर उगाळायचं नाही, तेच डीएसओसमोर मात्र नीट सांगायचं. दोन्ही खरंच आहे, खोटं काहीच बोलायचं नाहीये, फक्त कुठल्या खिडकीवर कुठला कागद ते कळलं पाहिजे.

अभ्यासाच्या कारणावरून मिळणाऱ्या आरसीएलला किमान 6 क्रेडिट उरावे लागतात, त्याचे बरोबर 6 उरतात. मात्र हे त्या डिग्रीत एकदाच मिळतं आणि पुढच्या सेमिस्टरला परत फुल टाइम व्हावंच लागतं. पहिल्या सेमिस्टरचा विद्यार्थी आहे हे इथे त्याच्या बाजूने आहे, कारण सवय नसणं हे पहिल्याच वर्षी पटतं.

जेवायला बोलावतायत, बाकीचं नंतर.

इंदिरानगरची_ताई

बापरे. हे दोन वेगवेगळं असतं हे त्यालाही माहीत नसणार, तो म्हणत होता ग्रॅज्युएट ऑफिसचा फॉर्म ऑनलाइन आहे, भरून टाकतो. आत्ताच मेसेज टाकलाय की थांब, हात लावू नकोस.

गोदाकाठचे_सर

मी इथे नाशिकमध्येच इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवतो. आमच्याकडून दर वर्षी पोरं बाहेर जातात आणि हा घोळ दर वर्षी कुणाचा तरी होतो, त्याचं कारण सातपूर_बॉयच्या उत्तरातच आहे. आपल्याकडे विषय "सोडणं" हा प्रकारच पोरांनी बघितलेला नसतो. पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नला इनसेम 30, एंडसेम 70, इनसेममध्ये 4 मार्क पडले तरी पोरगं म्हणतं एंडसेमला काढतो, आणि काढतंही. रात्रीतून युनिट पाठ करून पास झालेले आमच्याकडे ढिगाने आहेत. नाही निघाला तर बॅकलॉग, परत फॉर्म, परत पेपर. त्यामुळे शेवटच्या परीक्षेपर्यंत सगळं हातात आहे ही सवय अंगात मुरलेली असते.

तिकडे मार्क सेमिस्टरभर सांडत असतात. होमवर्क 20 टक्के, मिडटर्म 25-30, प्रोजेक्ट, फायनल, असं काहीतरी सिलॅबसवर पहिल्या दिवशीच छापून देतात. मिडटर्म गेली म्हणजे तेवढे टक्के गेले. आणि एफ नंतर कोर्स परत घेतला तरी जुना एफ ट्रान्सक्रिप्टवर बहुतेक ठिकाणी दिसत राहतो, काही ठिकाणी जीपीएतून काढतात, काही ठिकाणी दोन्ही धरतात.

म्हणून ताई, भावाला आधी त्या कोर्सचा सिलॅबस उघडून हिशोब करायला सांगा. राहिलेल्यात सगळं नीट केलं तर जास्तीत जास्त किती होतात? हा आकडा हातात नसताना सोडू की नको ही चर्चा हवेतली आहे.

तुम्हाला नाशिकमध्ये बसून जे करता येईल ते कागदांचं काम आहे, आणि ते दुसरं कुणी करू शकणार नाही. हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी घ्या, ती इंग्रजीतच असते, त्यावर अ‍ॅडमिटची आणि डिस्चार्जची तारीख स्पष्ट आहे ना बघा. सर्जनकडून लेटरहेडवर चार ओळींचं पत्र घ्या, तारीख, ऑपरेशनचं नाव, सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, ईसीजीच्या पट्ट्या यांचा गठ्ठा पाठवू नका, कुणी वाचत नाही. कुठला कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून सोबत जोडा.

आणखी एक, जे आपल्या लक्षातच येत नाही. पेशंट हा विद्यार्थ्याचा बाप आहे हे त्या कमिटीला कसं कळणार? आपल्याला मधलं नाव बघून लगेच कळतं, त्यांना मधलं नाव म्हणजे बापाचं नाव हे माहीतच नसतं. तेव्हा पत्रात एक ओळ टाकायची की महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं असतं, माझ्या पासपोर्टवरचं मधलं नाव आणि डिस्चार्ज कार्डवरचं पहिलं नाव एकच आहे. सोबत महापालिकेचा जन्मदाखला जोडला की प्रश्न मिटला. हॉस्पिटलने नावाचं स्पेलिंग वेगळं केलं असेल तर आत्ताच बदलून घ्या, एक एच जास्त, एक डब्ल्यूऐवजी व्ही, हे आपल्याकडे सर्रास असतं.

परत_आलेला

सर बरोबर बोललात, मधल्या नावाचं मलाही सुचलं नसतं.

बाकीचं लिहितो. पिटिशनच्या पत्रात पोरं एक गोष्ट हमखास विसरतात. कोर्स का जमला नाही हे सगळे लिहितात. पण कमिटीचा प्रश्न वेगळा असतो, तारीख जायच्या आधी तू का नाही सोडलास? त्याचं उत्तर पत्रात पाहिजे. वडिलांचं ऑपरेशन अमुक तारखेला, डिस्चार्ज अमुक तारखेला, विथड्रॉअलची तारीख अमुक, मधले दिवस मी काय करत होतो, असं तारखांनी सरळ. एक पान, बस. दुसरा प्रश्न हमखास येणारा, तीनपैकी एकच कोर्स का? वडील आजारी होते तर बाकीचे दोन कसे चालले? इथे मिडटर्म नेमकी ऑपरेशनच्या आठवड्यात आली, बाकी दोन कोर्सना त्या काळात परीक्षा नव्हती, असं असेल तर ते लिहा. नसेल तर जे आहे ते लिहा.

पण मी असतो तर डब्ल्यूच्या आधी आणखी एक दार ठोठावलं असतं. इन्कम्प्लीट. म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर आय लागतो, राहिलेलं काम पुढच्या ठरलेल्या मुदतीत पूर्ण करून द्यायचं, मग खरी ग्रेड लागते. याचा मोठा फायदा असा की तो कोर्सला रजिस्टर्डच राहतो, क्रेडिट 9 चे 9, व्हिसाचा प्रश्नच उभा राहत नाही. पण ते प्रोफेसरच्या मर्जीवर आहे, आणि साधारण अट अशी की बरंचसं काम झालेलं पाहिजे आणि तोवर पासिंगच्या आसपास असला पाहिजे. मुदतीत दिलं नाही की आय आपोआप एफ होतो, हेही लक्षात ठेवा. त्याची मिडटर्मच गेलीय म्हणून मिळेलच असं नाही, पण विचारायला काय जातं.

त्यासाठी त्याने डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसात जावं. घरी इमर्जन्सी झाली की हे ऑफिस कागद बघून प्रोफेसरांना कळवतं की हे खरं आहे, शक्य ती सवलत द्या. सवलत द्यायची सक्ती नसते, पण पोरगा एकटा जाऊन "सर, माय फादर" म्हणण्यापेक्षा त्या मेलला वजन असतं. कधी कधी एवढ्यावरच मिडटर्म परत मिळते किंवा तिचे टक्के फायनलवर टाकतात, आणि सोडायची भानगडच राहत नाही.

आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे त्याला उद्यापासून क्लासला बसवा. जाणं बंद केलं म्हणजे कोर्स सुटला असं होत नाही. उलट शेवटची हजेरी कधी हे कमिटी प्रोफेसरला विचारते. पिटिशनचा निकाल लागेपर्यंत तो त्या कोर्सचा विद्यार्थी आहे, असाइनमेंट देत राहायचं. नामंजूर होणारी पिटिशनंही भरपूर असतात.

कॉलेजरोड_कट्टा

एक उलटी बाजू मांडू का? सगळे सोडायच्या मागे लागलेत. जरा आकडे मांडा. तीन सारखे कोर्स, ए म्हणजे 4, बी म्हणजे 3, सी म्हणजे 2. दोघांत एक ए एक बी आणि याच्यात ओढूनताणून सी आला तरी बेरीज 9, सरासरी 3.0. ग्रॅज्युएट स्कूलला जो 3.0 लागतो तो होतो! दोन बी आणि एक एफ आला तर मात्र 2.0, थेट प्रोबेशन, म्हणजे ग्रेड सुधारा अशी ताकीद. दोन बी आणि डब्ल्यू असेल तर 3.0. म्हणजे लढाई एफ आणि सीमधली आहे, डब्ल्यू हा तिसरा पर्याय, आणि त्यासाठी पैसे गेलेच, कारण एवढ्या उशिरा फी परत मिळत नाही, वर तो कोर्स कंपल्सरी असेल तर परत तेवढीच फी भरायची. लोनच्या पैशातून.

माझ्या मावसभावाने असंच केलेलं, तो ट्यूटरिंग सेंटरला जाऊन बसला रोज, फुकट असतं, आणि सी प्लस काढला. कुणी कधी विचारलं नाही त्याला.

परत_आलेला

हिशोब बरोबर आहे तुमचा. फक्त एक, बऱ्याच प्रोग्रॅममध्ये कोअर, म्हणजे कंपल्सरी, कोर्सला सी चालत नाही, बी किंवा बी मायनस लागतो, नाहीतर तो डिग्रीत धरत नाहीत. म्हणजे सी काढूनही परत घ्यावा लागेल. प्रोग्रॅमच्या हँडबुकात बघायला सांगा. पण हो, जीपीए वाचायला सी कामाचा आहे.

आयएसओ_वाली

मी सध्या इथेच आहे, पीएचडी चालू आहे, मूळची पंचवटीची. मास्टर्सला असताना इंटरनॅशनल ऑफिसमध्ये फ्रंट डेस्कला स्टुडंट वर्कर होते, म्हणून थोडी भर घालते.

परत_आलेला यांनी लिहिलेलं नीट आहे. मेडिकल आरसीएलबद्दल अजून थोडं. ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून भाऊ झोपत नाहीये, क्लासला जात नाहीये, घरच्यांपासून लपवत होता. हे नुसतं आळसाचं लक्षण वाटत नाही मला. त्याने कॅम्पसच्या काउन्सेलिंग सेंटरला जावं, कोर्सचं काय व्हायचं ते होवो. आणि तिथे तपासून डॉक्टरला किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला खरंच वाटलं की याला लोड कमी करायची गरज आहे, तर मेडिकल कारणावर आरसीएल मिळू शकतं, ते एका डिग्री लेव्हलला सगळं मिळून 12 महिन्यांपर्यंत चालतं. पण पत्र कुणाचं लागतं याला नियम आहे, परवानाधारक डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट. सेंटरमधले काही काउन्सेलर वेगळ्या परवान्याचे असतात, त्यांचं पत्र घेऊन पोरं डेस्कवर यायची आणि आम्हाला परत पाठवावं लागायचं, फार वाईट वाटायचं. तेव्हा पत्र कुणाचं चालेल हे डीएसओला आधी विचारून मग अपॉइंटमेंट घ्यायची. मिळवण्यासाठी नाटक करू नये हे वेगळं सांगायला नको.

डीएसओ म्हणजे पोलीस नव्हे. आपली पोरं घाबरून तिथे जातच नाहीत, त्यांना वाटतं तोंड उघडलं की व्हिसा रद्द. उलट आधी आलेल्याला मदत करायला त्यांच्याकडे दोन-तीन रस्ते असतात. नंतर आलेल्यासाठी मात्र रीइन्स्टेटमेंट, म्हणजे गेलेलं स्टेटस परत मिळवणं, आणि ते प्रकरण यूएससीआयएसकडे, म्हणजे सरकारच्या इमिग्रेशन खात्याकडे, जातं, त्याचा अर्ज साधारणपणे स्टेटस गेल्यापासून 5 महिन्यांच्या आत करावा लागतो, फी वेगळी, महिनोन्महिने वाट बघणं वेगळं.

तुमच्या फोनला उत्तर मिळालं नाही त्याचं कारण फेर्पा नावाचा कायदा आहे, 1974 चा. कॉलेजात गेलेल्या मुलाची शैक्षणिक माहिती त्याच्या लेखी परवानगीशिवाय घरच्यांनाही देत नाहीत, फी भरणारा बाप असला तरी सहसा नाहीच. त्यामुळे तुम्ही परत फोन करू नका, तुमच्या मेलवरून मेलही करू नका. सगळे मेल त्याच्या युनिव्हर्सिटीच्या आयडीवरून, स्टुडंट नंबर टाकून. हवं तर तुम्ही त्याला लिहून द्या आणि तो पाठवेल.

वेळेचं एक. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळ एक तास मागे जातं, आता शिकागो आणि नाशिकमध्ये साडेअकरा तासांचा फरक आहे. तिकडचं ऑफिस सकाळी 9 ला उघडतं तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ. त्याला साडेआठला फोन करून झोपेतून उठवा आणि फोन चालू ठेवूनच ऑफिसच्या दारापर्यंत पोचवा 😄 आणि थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, सगळं बंद असतं, आजूबाजूचे दिवसही थंडच. त्याच्या आत कागद गेले पाहिजेत.

द्राक्षवाला_निफाड

विषय सोडून बोलतो, पप्पांना म्हणावं यंदा बागेचं टेन्शन घेऊ नका. पाऊस लांबला, द्राक्षावरच्या डावणी रोगाने सगळ्यांनाच घाईला आणलंय, एकट्याचं नाही. फवारणीला माणूस पाहिजे असेल तर मोहाडीकडचा एक चांगला पोरगा माहितीये, नंबर डीएम करतो. आणि लोनचं म्हणाल तर बँकवाले पुढचा हप्ता सोडताना मार्कशीट मागतात, माझ्या पुतण्याला मागितली होती. तेव्हा डब्ल्यू काय आणि एफ काय हे आपल्या शाखेतल्या साहेबाला समजेल अशा भाषेत एक पत्र तयार ठेवा. साहेब एफ बघून नापास म्हणतो, डब्ल्यू बघून काय म्हणेल सांगता येत नाही.

आई_आहे_मी

माझ्या मुलीचं इथलंच आहे, नाशिकला एसवायला. ओपन इलेक्टिव्ह चुकीचा घेतला म्हणते, बदलायची तारीख गेली. इथे पण असा अर्ज चालतो का?

गोदाकाठचे_सर

इथे पिटिशन वगैरे नसतं हो. एचओडीमार्फत प्राचार्यांना साधा अर्ज द्या, कारण लिहा, आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत द्या, कारण फॉर्मवर विषयाचा कोड गेला की मग काम वाढतं. दुसऱ्या इलेक्टिव्हच्या वर्गात जागा आहे का हे आधी त्या सरांना विचारून घ्या, म्हणजे प्राचार्य "जागा नाही" म्हणून परत पाठवणार नाहीत. आणि अर्जाची पोच घ्या, स्टुडंट सेक्शनचा शिक्का मारून. तोंडी "होऊन जाईल" वर जाऊ नका.

इंदिरानगरची_ताई

अपडेट देते, बऱ्याच जणांनी डीएमवर विचारलंय.

काल साडेआठला फोन लावला, आयएसओ_वाली म्हणाली तसं, ऑफिसच्या दारापर्यंत नेलंच त्याला. डीएसओ बाई चांगल्या निघाल्या. त्यांनी पहिलं हेच विचारलं की अजून कोर्स काढला नाहीस ना? नाही म्हटल्यावर म्हणाल्या बरं झालं. त्यांचं म्हणणं, आधी इन्कम्प्लीट किंवा मिडटर्मचं काही होतंय का बघ, नाही झालं तर अभ्यासाच्या कारणावर आरसीएलचा विचार करू, त्यासाठी त्याच्या अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझरचं लेखी पाहिजे की हा कोर्स याच्या लेव्हलचा नव्हता. अ‍ॅडव्हायझरची वेळ गुरुवारी मिळालीय. डीन ऑफ स्टुडंट्सला मेल गेला. काउन्सेलिंगला जायला तयार नव्हता, मम्मीने फोनवर काय सांगितलं माहीत नाही पण आता जातो म्हणालाय.

हिशोबही केला सरांनी सांगितला तसा. मिडटर्म 25 टक्क्यांची होती, राहिलेलं सगळं चांगलं केलं तरी सीच्या वर जात नाही. आणि हँडबुक बघितलं, हा कोर्स कोअर आहे, बी लागतोच. म्हणजे परत घ्यावाच लागणार असं दिसतंय, मग सी काढायला जीव काढायचा की डब्ल्यू घ्यायचा ते गुरुवारनंतर ठरवू. मिडटर्म परत मिळाली तर गोष्टच वेगळी.

डिस्चार्ज कार्डवर पप्पांचं आडनावच चुकीचं निघालं! सर, तुमच्यामुळे बघितलं. हॉस्पिटलमध्ये दुरुस्तीला दिलंय, म्हणे रेकॉर्डवाला माणूस सुट्टीवर आहे, सोमवारी या.

गोदाकाठचे_सर

सोमवारची वाट बघू नका, सर्जनच्या पत्रात नाव बरोबर घालून घ्या आणि त्यातच लिहून घ्या की डिस्चार्ज कार्डवरचं अमुक नाव याच पेशंटचं आहे. पत्र ओपीडीच्या वेळेत मिळतं, त्याला रेकॉर्ड रूम लागत नाही. दुरुस्त कार्ड मागाहून जोडता येईल.

आयएसओ_वाली

आणि गुरुवारी अ‍ॅडव्हायझर जे काही तोंडी कबूल करतील ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवायला सांग भावाला, "आपलं असं बोलणं झालं, बरोबर आहे ना" एवढंच, डीएसओला सीसी करून.

इंदिरानगरची_ताई

हो सांगते. सर, डॉक्टरांची ओपीडी उद्या 11 ला आहे, जन्मदाखला घेऊन तिकडेच जाते आधी.